सूत्रकृमीपरजीवी कवकांचे अल्पव्ययी माध्यमांवरील संवर्धन

बुलढाणा जिल्ह्यात घेतल्या जाणाऱ्या पिकांपैकी वांगी, टोमॅटो, मिरची व हरभरा ही मूळगाठ सूत्रकृमींची आश्रयवनस्पती होत. या सूत्रकृमींचे नैसर्गिक शत्रू असलेली कवके स्थूलमानाने दोन प्रकारची आहेत. आर्थ्रोबोट्रिस ऑलिगोस्पोरा हे कवक चिकट जाळ्यांत सूत्रकृमींस पकडते. हे कार्य झॉफ यांनी १८८८ मध्ये दाखविले. परप्युरिओसिलियम लिलॅसिनम हे मुख्यतः अंड्यांवर वाढते. २०११ पूर्वी ते पॅसिलोमायसीस वंशात गणले जाई.

प्रयोगशाळेत बटाटा-डेक्स्ट्रोज-अगर हे माध्यम रूढ आहे. परंतु शेतासाठी कवक विपुल प्रमाणात वाढवावयाचे झाल्यास अगराचा खर्च परवडत नाही. अशा वेळी जिल्ह्यात सहज मिळणारी ज्वारी उपयोगी पडते. दाणे रात्रभर भिजवून अर्धवट शिजवावेत, पाणी पूर्ण निथळू द्यावे, शंकुपात्रे निम्मी भरून कापसाचा बोळा बसवावा आणि १२१ अंश सेल्सिअसला वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करावीत. दाणे फार शिजले तर त्यांचा गोळा होतो व आत हवा खेळत नाही. थंड झाल्यावर कवक रोवून पात्रे २५ ते २८ अंशांस ठेवावीत व मधूनमधून हलवावीत. घाटाखालील तालुक्यांत उन्हाळ्यात हे तापमान राखणे हीच मोठी अडचण असते.

तथापि विपुल वाढ म्हणजे परजीवी सामर्थ्य नव्हे. आर्थ्रोबोट्रिस पोषकद्रव्यांनी समृद्ध माध्यमावर तंतू भरपूर वाढवते, पण सापळे क्वचितच रचते; निकृष्ट माध्यमावर सूत्रकृमी सोडताच ते सापळे रचू लागते. म्हणून माध्यमांची तुलना दोन टप्प्यांनी करावी. प्रथम प्रतिग्रॅम बीजाणूंची संख्या मोजावी. नंतर तेच बीजाणू साध्या जल-अगरावर सूत्रकृमींच्या अंड्यांसमवेत ठेवून किती अंडी बाधित झाली ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. रूढ माध्यमावर वाढविलेले तेच कवक तुलनेसाठी सोबत असावे. पुनःपुन्हा केलेल्या उपसंवर्धनाने सामर्थ्य घटू शकते. म्हणून मूळ संवर्ध जपून ठेवून अधूनमधून अंड्यांवरून कवक पुन्हा वेगळे करावे.

लिलॅसिनममुळे मनुष्याच्या डोळ्यांस क्वचित संसर्ग होतो. म्हणून कोरडे बीजाणू हाताळताना मुखपट्टी व चष्मा वापरावा. माध्यमाचा स्वस्तपणा रुपयांत मोजता येतो. त्याची योग्यता मात्र बाधित अंड्यांच्या संख्येवरूनच ठरवावी.