तंतुकणिका-विकारांतील अपस्मार आणि कवटीपार विद्युत-उद्दीपन

तंतुकणिकांच्या, म्हणजेच मायटोकॉन्ड्रियाच्या, विकारांत उद्भवणारा अपस्मार अनेकदा औषधांना दाद देत नाही. अशा रुग्णांत शस्त्रक्रिया न करता, कवटीबाहेरून सौम्य विद्युतप्रवाह देऊन झटके शमवण्याचा प्रयत्न केला जातो. हा उपचार अद्याप प्रायोगिक आहे. योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत देऊनही झटके थांबले नाहीत, तर अपस्मार औषधरोधी मानतात.

पार्श्वभूमी

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते. ऊर्जा मात्र तो सुमारे २० टक्के वापरतो. ही ऊर्जा तंतुकणिका पुरवतात. त्यांना स्वतंत्र डीएनए असून त्याच्या प्रती काढणारे विकर 'पीओएलजी' या जनुकावरून तयार होते. या जनुकात दोष असल्यास चेतापेशींना ऊर्जा कमी पडते. इतर पेशींना आवर घालणाऱ्या चेतापेशींची ऊर्जेची गरज विशेष मोठी; त्या दुर्बळ झाल्या की मेंदूतील विद्युत-उद्रेक अनावर होतो. औषधे झटका दाबतात, ऊर्जेची तूट भरून काढत नाहीत. शिवाय सोडियम व्हॅल्प्रोएट हे आपल्याकडेही सर्रास वापरले जाणारे औषध पीओएलजी-दोषात यकृत निकामी करू शकते, म्हणून ते वर्ज्य आहे. त्यामुळे मूळ कारणाचे निदान वेळेवर होणे उपचाराइतकेच महत्त्वाचे ठरते.

या विकारात हात किंवा चेहऱ्याचा एखादाच भाग तासन्‌तास, कधी आठवडेच्या आठवडे उडत राहतो. रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो आणि हे सारे अनुभवत असतो.

पद्धत आणि अनुभव

'उद्दीपन' हा शब्द येथे काहीसा फसवा आहे, कारण हेतू चेतवण्याचा नसून शांतवण्याचा असतो. डोक्यावर ओल्या स्पंजाची दोन विद्युताग्रे ठेवतात. त्यांपैकी ऋणाग्र झटक्याच्या उगमस्थानावर असते. त्याखालील चेतापेशींची उत्तेजनक्षमता घटते.

इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील वैद्यांनी २०१८ साली एका किशोरवयीन रुग्णाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पीओएलजी-दोषामुळे सुरू झालेले झटके ५ औषधांच्या कमाल मात्रेनेही थांबले नव्हते. रोज २० मिनिटे २ मिलिअँपिअर प्रवाह दिल्यावर ३ दिवसांत ते थांबले. पुढे उपचाराचे दुसरे आवर्तनही द्यावे लागले. औषधोपचाराच्या जोडीने हा उपचार केलेला असल्याने आणि रुग्ण एकच असल्याने यावरून सर्वसाधारण निष्कर्ष काढता येत नाही. जनुकीय दोष तर याने मुळीच दूर होत नाही.

विद्युताग्रांखाली खाज, लाली व क्वचित डोकेदुखी असे सौम्य दुष्परिणाम आढळतात. मनोविकारांत भूल देऊन केल्या जाणाऱ्या 'शॉक' उपचाराशी याची गल्लत करू नये. तेथील प्रवाह याच्या शेकडो पट असतो.