मुरुमहून बीकेसी किती लांब?

बारावीचा निकाल लागला की धाराशिव जिल्ह्यातल्या मुरुममध्ये घरोघरी एकच विषय असतो: पोराला इथंच घालायचं की बाहेर धाडायचं? विज्ञानवाल्यांचं उत्तर ठरलेलं, लातूर. घोडं अडतं ते कॉमर्सवाल्यांचं. गावात श्री माधवराव पाटील महाविद्यालय आहे, फी झेपते, पोरगं जेवायला घरी येतं. पण इथल्या बी.कॉम.वर बँकेत, शेअर बाजारात किंवा सीएच्या फर्ममध्ये कोण उभं करणार, ही पालकांची धास्ती.

ती निम्मी खरी आहे. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या, म्हणजे बीकेसीतल्या बड्या इन्व्हेस्टमेंट बँका माणसं घेतात ती मुख्यतः आयआयएमसारख्या मोजक्या संस्थांमधून. त्यांची गाडी मुरुम मोडला थांबत नाही.

बाकीचे बरेच दरवाजे मात्र परीक्षेनं उघडतात आणि तिथं कॉलेजच्या नावाला गुण नसतात. बँक पीओला, म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसरला, कुठल्याही शाखेची पदवी चालते. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी परीक्षेला खुल्या गटासाठी पदवीला 60 टक्के लागतात. बी.कॉम.ला 55 टक्के पडले की फाउंडेशन न देता थेट सीए इंटरमीडिएटला नोंदणी होते. जुलै 2024 मध्ये डोंबिवलीत भाजी विकणाऱ्या आईला मिठी मारणाऱ्या नव्या सीएचा व्हिडिओ गाजला, तो घरोघरी पाहिला गेला. त्याच्याही आधीचं उदाहरण डॉ. नरेंद्र जाधव यांचं. वडील मुंबईच्या पोर्ट ट्रस्टमध्ये कामगार, बालपण वडाळ्यात. मुलगा रिझर्व्ह बँकेचा प्रमुख अर्थतज्ज्ञ झाला. अर्थात, त्यांचं रुईया कॉलेज मुंबईतलं. मुरुमच्या पोराला ती सोय नाही.

खरी अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली इंग्रजी. बँक क्लार्कची परीक्षा आता मराठीतून देता येते; पीओची अजूनही इंग्रजी किंवा हिंदीतूनच. म्हणजे मराठी काउंटरपर्यंत पोचते आणि केबिनच्या दारात अडते! दुसरी अडचण आर्टिकलशिपची, म्हणजे फर्ममधल्या उमेदवारीची. सीएसाठी ती आता दोन वर्षांची झाली आहे, पण चांगली फर्म हवी तर सोलापूर, लातूर नाहीतर पुणं गाठावं लागतं. कॉलेजात वाचलेले पैसे खोलीभाड्यात आणि मेसमध्ये जातात. परवडणारं कॉलेज म्हणजे परवडणारं करिअर, हा हिशेब इथं चुकतो. सीएफए (चार्टर्ड फायनान्शियल अ‍ॅनालिस्ट) परीक्षेचं तर नावच नको. एकेका पातळीची फी लाखाच्या घरात.

या सगळ्या गदारोळात एका परीक्षेकडे फारसं कुणी बघत नाही: सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. ती पदवीधरांसाठी आहे आणि मराठीतून लिहिता येते. ती उत्तीर्ण होऊन संस्थांच्या लेखापरीक्षणाचा तीन वर्षांचा अनुभव घेतला की प्रमाणित लेखापरीक्षक होता येतं. गंमत म्हणजे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाला या लेखापरीक्षकाकडून मराठीचं कामचलाऊ ज्ञान हवंच असतं. आणि सहकारी संस्था म्हटलं की त्यात साखर कारखाना आला, पतसंस्था आली, गावची विकास सोसायटी आली. हिशेब दरवर्षी तपासलेच पाहिजेत.

हे काम दिसतं तितकं रटाळ नसतं. रोजकिर्दीतली शिल्लक आणि तिजोरीतली रोकड जुळते का, हे नोटा मोजून बघायचं. मग कर्जरोखे काढायचे: जामीनदाराची सही आहे का, जुनं थकीत कर्ज नवं कर्ज दाखवून फिरवलंय का? अनुत्पादक कर्जाची तरतूद कमी धरून फुगवलेला नफा इथंच पकडला जातो. बीकेसीतल्या क्रेडिट विश्लेषकाचा पगार मोठा, पण प्रश्न हेच.

पुढं बँकेत जायचं तर मोठी ग्रामीण बँकही मराठवाड्यातलीच. 1 मे 2025 रोजी विदर्भ-कोकण आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एक झाल्या; मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. तिच्या अधिकारीपदाच्या परीक्षेला कुठल्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. या परीक्षांसाठी कॉलेजांनी वार्षिक संमेलनाइतकाच उत्साह बी.कॉम.च्या पहिल्या वर्षापासून इंग्रजी उताऱ्यांच्या आणि अंकगणिताच्या सरावाला दाखवला, तर पालकांना निदान लातूरच्या क्लासची फी तरी भरावी लागणार नाही.