चाकांच्या खुर्चीतला दाता

पुण्याहून नगर रस्त्याने निघाले की खराडी मागे पडते आणि वाघोलीची हद्द लागते. 2021 साली हे गाव पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले, रस्त्याच्या दुतर्फा उंच इमारती उभ्या राहिल्या. तरीही वाघेश्वराचे पुरातन मंदिर, दगडखाणी आणि खाणकामगारांच्या वस्त्या जुन्या वाघोलीची ओळख अजून सांगतात. जैन समाजाच्या स्मरणात मात्र हे गाव आहे ते भारतीय जैन संघटनेच्या शैक्षणिक पुनर्वसन संकुलामुळे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर गावे नुकतीच झोपी गेली असताना, किल्लारी परिसराची धरणी हादरली. त्यानंतर श्री. शांतिलालजी मुथ्था आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूकंपग्रस्त भागातील सुमारे 1200 मुले शिक्षणासाठी पुण्याला आणली. पुढे या कामाचे कायमचे घर वाघोलीत उभे राहिले. धान्य आणि कपडे घेऊन किल्लारीकडे अनेक ट्रक गेले होते व त्यांचे मोल कमी नव्हते. परंतु ट्रक रिकामा करून परतणे सोपे. मूल दहावी होईपर्यंत त्याच्या पाठीशी उभे राहणे अवघड. संघटनेने हे अवघड काम पत्करले.

याच संघटनेच्या कार्यकर्त्यांनी महाराष्ट्रात गावोगावी मोफत प्लास्टिक सर्जरीची शिबिरे भरवली. त्या शिबिरांमागे उभी असलेली व्यक्ती म्हणजे डॉ. शरदकुमार दीक्षित.

डॉ. दीक्षितांचा जन्म 1930 साली पंढरपूरचा. अमेरिकेत जाऊन ते प्लास्टिक सर्जन झाले आणि 1968 पासून भारतातील गरिबांवर विनामूल्य शस्त्रक्रिया करू लागले. 1978 साली मोटार अपघातात त्यांची उजवी बाजू लुळी पडली. शल्यविशारदाचा उजवा हातच निकामी व्हावा, यापरते दुर्दैव कोणते? त्यांनी तो हात चिकाटीने पुन्हा कामाला लावला. 1982 साली घशाच्या कर्करोगाने स्वरयंत्र हिरावले. त्यानंतर बोलण्यासाठी त्यांना यंत्राचा आधार घ्यावा लागला. पुढे हृदयविकाराचे झटके आले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात साधेपणाने राहणारा हा माणूस तरीही दर वर्षी काही महिने भारतात येई आणि चाकांच्या खुर्चीत बसून शस्त्रक्रिया करी. 2001 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2011 साली त्यांचे निधन झाले.

आपल्या समाजात दानाची परंपरा मोठी आहे, आणि तिच्यात एक गृहीतक नकळत शिरलेले असते: धडधाकट तो देणारा, अपंग तो घेणारा. दीक्षितांच्या शिबिरात या गृहीतकाला जागा नव्हती. तेथे सर्वांत अधिक शारीरिक मर्यादा असलेला माणूसच सर्वांत अधिक देत होता. त्याची खुर्ची हलवणारे आणि त्याच्या हाताशी लागेल ते ठेवणारे मात्र त्याच्याहून कितीतरी सुदृढ होते. आंतरिक तपांत वैयावृत्त्य सांगितले आहे, म्हणजे आजारी व दुर्बलांची सेवा. या शिबिरांत ते दुहेरी होते. एक सेवा रुग्णांची आणि दुसरी, त्यांच्यावर उपचार करणाऱ्या त्या थकलेल्या देहाची.

शस्त्रक्रियेची वार्ता वृत्तपत्रात येते, तिच्या आधीचे काम येत नाही. दुभंगलेल्या ओठाचे बालक खेड्यात जन्मले की पहिला दोष आईच्या माथी येतो. ग्रहणात तिने भाजी चिरली असेल, विळी हाती धरली असेल, नियम पाळला नसेल. सासर बोल लावते, माहेर गप्प राहते आणि ती माउली बाळाचे तोंड पदराआड झाकून वावरते. वस्तुतः जगभरात साधारण सातशे जन्मांमागे एक असे बालक आढळते. त्याचा ग्रहणाशी काडीचाही संबंध नाही. गर्भावस्थेच्या पहिल्या काही आठवड्यांत चेहऱ्याचे भाग परस्परांशी जुळतात. ते जुळणे अपुरे राहिले की ही फट उरते. हे डॉक्टरने सांगण्याआधी कोणीतरी त्या घराच्या ओसरीवर बसून सांगावे लागते. सुनेसमोर सांगून पुरत नाही, सासूसमोर सांगावे लागते.

हे काम कार्यकर्त्यांचे, आणि व्यापारी घरातील माणसांना ते साधते. तालुक्याच्या बाजारपेठेतील दुकानदाराला कोणत्या वाडीवर कोण राहते हे ठाऊक असते. त्याच्या शब्दाला आजूबाजूच्या दहा गावांत पत असते. उधारीची वही ठेवणारा माणूस रुग्णांची यादीही चोख ठेवतो. कोणाचे बाळ किती महिन्यांचे, वजन किती, रक्त कमी आहे काय, सोबत कोण येणार, परतीची गाडी कोणती, हे सारे त्या यादीत असावे लागते. खोकला-ताप असलेल्या किंवा अशक्त बाळाला भूल देता येत नाही. अशा वेळी दुरून आलेल्या आईला ‘आज नाही’ असे सांगणे आणि ती पुढच्या वेळी खरोखर येईल याची काळजी घेणे, ही शिबिरातील सर्वांत कठीण जबाबदारी असते. मंडप, भोजन आणि सत्कार सांभाळायला हात नेहमीच पुष्कळ मिळतात.

शिबिरांना मर्यादा असते, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. ओठ शिवला की छायाचित्र सुंदर येते. परंतु टाळूही दुभंगलेली असेल तर ती दुसरी शस्त्रक्रिया, नंतर उच्चार सुधारण्याचे शिक्षण आणि दातांचे उपचार अशी वाट वर्षानुवर्षे चालते. हीच गोष्ट इतर साहाय्याची. समारंभात दिलेली तीनचाकी सायकल पहिल्या पावसाळ्यानंतर गंजून गोठ्यात पडलेली दिसते, कारण तिची साखळी दुरुस्त करणारा गावात नसतो. देणगीदाराच्या नावाची पाटी तेवढी वाचता येते. अशा दानाला औषधदान म्हणावे काय, याचा विचार प्रत्येक संघाने करावा.

दीक्षितांच्या निधनानंतरही संघटनेने त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही शिबिरे चालू ठेवली, डॉ. राज लाला, डॉ. लॅरी वाइनस्टीन असे अमेरिकेतील शल्यविशारद त्यांसाठी येत राहिले.

दरम्यान कायदाही पुढे गेला आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने 21 प्रकारच्या दिव्यांगत्वाला मान्यता दिली आणि त्यांत वाचादोषाचाही समावेश आहे. महाराष्ट्रात 2022 मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला. परंतु हक्क मिळण्यासाठी प्रमाणपत्र हवे, त्यासाठी आधारकार्ड व राहण्याचा पुरावा हवा, संगणकावर अर्ज भरला पाहिजे आणि नेमलेल्या दिवशी सरकारी रुग्णालयात हजर राहिले पाहिजे. दगडखाणीवर रोजंदारी करणाऱ्या बापाला त्या एका दिवसाची मजुरी सोडावी लागते. दुसरा हेलपाटा पडला की तो नाद सोडून देतो.

वाघोलीच्या बाजारात आज जैन कुटुंबांची दुकाने आहेत. तेथे संगणक आहे, कागदपत्रांच्या प्रती काढण्याचे यंत्र आहे, घरात कॉलेजला जाणारी मुले आहेत. खाणीवरची वस्ती तेथून फार लांब नाही. अर्ज भरून देणे, ठरल्या दिवशी रुग्णालयात सोबत जाणे आणि त्या दिवसाची मजुरी बापाच्या हाती ठेवणे, एवढ्यासाठी शिबिराची तारीख ठरण्याची वाट पाहावी लागत नाही.