माळाला झाडांची उणीव नाही

सोलापूर, अहिल्यानगर किंवा पूर्व पुणे जिल्ह्यातलं माळरान ऐन उन्हाळ्यात पाहिलं, की इथलं जंगल माणसानं तोडून संपवलं असावं, असंच वाटतं. सरकारी नोंदींतही अशा जमिनीचा मोठा भाग ‘पडीक’ म्हणून येतो आणि पडीक म्हटलं की खड्डे घ्या, रोपं लावा हा उपाय ठरलेला. 2016 ते 2019 या काळात महाराष्ट्रानं 50 कोटी वृक्षलागवडीचं उद्दिष्ट ठेवलं होतं. एवढ्या रोपांसाठी मोकळी जागा शोधताना नजर आधी माळावरच जाते. पण माळ म्हणजे मेलेलं जंगल नव्हे. कमी पाऊस, उथळ मुरमाड जमीन आणि चरणारी जनावरं यांतून घडलेली ती स्वतंत्र परिसंस्था आहे. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं उन्हावर वाढतात, दाट सावलीत मागे हटतात. माळढोक उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो आणि धोका दुरूनच हेरतो. त्याच्या माळावर ग्लिरिसिडियाच्या रांगा उभ्या राहिल्या, तर त्याची नजर अडते आणि अंड्यांवर टपलेल्या कावळ्यांना बसायला फांद्या मिळतात. नान्नजचं अभयारण्य ज्याच्यासाठी राखलं, तो पक्षी आज तिथे दिसणंही दुर्मीळ झालं आहे. त्यामागे शेती, रस्ते, विजेच्या तारा अशी बरीच कारणं आहेत. त्यांत आपल्या हातानं आणखी एकाची भर कशाला?

झाडं कर्ब साठवतात, हा आक्षेप रास्तच आहे. मात्र गवताचा बराचसा कर्ब मुळांत आणि मातीत असतो, त्यामुळे वणवा लागला किंवा जनावरं चरली तरी तो टिकतो. झाडांमुळे पाणी वाढतं, ही समजूतही सगळीकडे लागू पडत नाही. दक्षिण आफ्रिकेत 1930च्या दशकापासून मोजमाप चालू आहे. गवत-झुडपांच्या पाणलोटात पाइनची लागवड केल्यावर तिथले ओढे आटत गेले. राहिला प्रश्न अतिचराईनं उघडेबोडके झालेल्या माळांचा. ते खरोखर आजारी आहेत, हे मान्यच करायला हवं. पण त्यांना हवं आहे ते स्थानिक गवताचं बी आणि आलटूनपालटून चराईबंदी. विखुरलेली बोर, हिवर, बाभूळ आहेत तिथेच राहू द्यावीत. दिवाळीनंतर कोकणात उतरणारे धनगरांचे कळप पावसाळ्यात याच माळांवर परततात. कोणता माळ केव्हा बंद ठेवायचा, हे त्यांच्याबरोबर बसूनच ठरवावं लागेल.