बंपरच्या मागचा बंपर
घरच्या घरी गाडी : लेखांक ९

उपनगरात सात-आठ वर्षं चाललेली कुठलीही गाडी घ्या, तिच्या पुढच्या बंपरचा डावा कोपरा खरवडलेला निघण्याची शक्यता दाट. डावीकडून रिक्षा घुसते, दुचाकी निसटते आणि सोसायटीच्या गेटचा खांबसुद्धा नेमका ड्रायव्हरच्या नजरेआडच्या बाजूला असतो. त्यात घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत एलबीएस मार्गावर मेट्रो ४ च्या कामाचे पत्रे. अंधेरी-बोरिवलीकडच्या मंडळींना हा अनुभव मेट्रो ७ च्या वेळी येऊन गेला आहे.

खरवड दिसते म्हणून ती मनाला लागते. प्रत्यक्षात ती बिनमहत्त्वाची. महत्त्वाचं ते आत असतं आणि बाहेरून कळत नाही. म्हणून या आठवड्यात बंपर उतरवायचा, पण चकाचक करायला नव्हे, त्याच्या मागे काय झालंय ते बघायला.

कुर्ल्याला प्रीमियर पद्मिनी तयार होत असे तेव्हा बंपर म्हणजे खरोखरच बंपर होता. क्रोमचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी, गाडीच्या तोंडापुढे आलेली. धक्का बसला की पट्टी वाकायची आणि किती वाकली ते रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसायचं. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून गेली. तो बंपर खासगी गाड्यांतून त्याच्या कितीतरी आधी गेला होता.

आज आपण ज्याला बंपर म्हणतो ती गाडीची साल आहे. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकात रबरासारखा लवचीक घटक मिसळून ती ओततात. काढलेला बंपर उलटा करून बघा, आतल्या बाजूला बहुतेक वेळा ‘पीपी’ अशी इंग्रजी अक्षरं उठवलेली सापडतील. धक्का खाणारा खरा बंपर या सालीच्या मागे असतो : आडवा पोलादी बीम आणि तो चॅसीला जोडणारे दोन पोकळ डबे. जोराच्या धडकेत ते डबे चेपायचे आणि धक्का स्वतः गिळायचा, अशी त्यांची रचना असते. काही गाड्यांत बीमपुढे फोमही असतो.

घोटाळा इथेच आहे. प्लास्टिक दबतं आणि पुन्हा वर येतं. सिग्नलला समोरच्या टेम्पोवर हलकेच आदळलात, उतरून पाहिलंत, नंबर प्लेट जराशी चेपली, बाकी काही नाही. ‘चलो, बच गए’ म्हणत दोघेही निघून गेलात. आत मात्र बाजूचं ब्रॅकेट तुटलेलं असू शकतं किंवा बीम एसीच्या कंडेन्सरकडे सरकलेला. काही महिन्यांनी एसी नीट थंड करेनासा झाला की गॅस भरायला पैसे जातात, आणि त्या टेम्पोची आठवण कुणालाच येत नाही.

आता कामाला लागू. आधी नकार सांगतो. बंपरमागे किंवा जाळीत रडार असलेली गाडी (पुढच्या वाहनाचं अंतर ओळखून आपोआप ब्रेक लावणाऱ्या बऱ्याच गाड्या यात येतात) घरी उघडू नका. तो रडार जरा हलला तरी यंत्रावर पुन्हा जुळवावा लागतो. एअरबॅग उघडली असेल तर गाडी उचलून न्यायची, हात लावायचा नाही. आणि स्टॅक पार्किंगच्या फळीवर हे काम कधीही नाही. स्टिल्टमध्ये सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, इंजिन गार. जॅक लागत नाही.

लागतं ते एवढं : दहा नंबरचा टी-पाना, प्लस आणि चपटा स्क्रू ड्रायव्हर, प्लास्टिकची पट्टी, मास्किंग टेप, जुनी चादर, टॉर्च आणि दुसरा माणूस. दुसरा माणूस घरातला शोधा. सोसायटीत सल्लागार आपोआप जमतात, पण बंपर धरायची वेळ आली की त्यांना दूध आणायचं आठवतं.

मागच्या लेखांकात सांगितल्याप्रमाणे बॅटरीचं निगेटिव्ह टोक आधी काढून पाच-दहा मिनिटं थांबा. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचे धक्का ओळखणारे सेन्सर इथे पुढेच बसवलेले असतात. काम संपेपर्यंत चावी फिरवायची नाही. प्रत्येक क्लिपचा फोटो काढून ठेवा. फेंडरच्या कडेला आणि हेडलॅम्पखाली टेप लावा, नाहीतर बंपर निघेल आणि फेंडरचा रंगही सोबत घेऊन जाईल.

बोनेट उघडलं की वरच्या कडेला प्लास्टिकच्या क्लिपांची रांग दिसते. काहींच्या मधल्या टिकलीला प्लसची खाच असते, ती पाव फेरा फिरवली की वर येते. काहींची टिकली आत दाबायची असते, काहींची चपट्या स्क्रू ड्रायव्हरने वर उचकटायची. कुठली कशी ते एका क्लिपवर करून बघा, मग बाकीच्या. नुसती गोल फिरत राहिली तर जोर वाढवू नका, खालून पट्टी घालून उचला. इंजिनच्या उष्णतेने या क्लिपा कडक होतात आणि दोन-तीन हमखास तुटतात. काही रुपयांची वस्तू आहे, आधीच पाकीट आणून ठेवा. तुटलेल्या क्लिपच्या जागी केबल टाय बांधून देण्याची गॅरेजवाल्यांची रीत मला मान्य नाही. टाय वेगात थरथरतो आणि कड घासून काढतो.

खालच्या बाजूच्या क्लिपा चिखलाने घट्ट बसलेल्या असतात, किंवा नसतातच. अंधेरी सबवेसारख्या जागी पाण्यातून गाडी काढली की बंपरची खालची कड ते पाणी रेटते, पाणी उलटं दाबतं आणि कमकुवत झालेली क्लिप सुटते. दर पावसाळ्यात साचलेलं पाणी ओसरल्यावर रस्त्यावर सापडणाऱ्या नंबर प्लेटा याच मार्गाने येतात.

सगळ्यात जास्त बंपर तुटतात ते चाकाच्या कमानीत. स्टीअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, म्हणजे कमानीतलं काळं प्लास्टिक समोर येतं. बंपरची कड त्याला जिथे मिळते तिथे एक-दोन स्क्रू सहज दिसतात. ते काढून लोक खूष होतात आणि बंपर ओढतात. अनेक गाड्यांत मात्र आणखी एक स्क्रू असतो, त्या प्लास्टिकच्या आड, खालून वर जाणारा, बंपरचा कोपरा फेंडरशी बांधणारा. काळं प्लास्टिक थोडं बाजूला वाकवून टॉर्च मारल्याशिवाय तो नजरेस पडत नाही. तो राहिला की बंपरचा कान फाटतो. हा कान फेव्हिक्विकने चिकटत नाही, पॉलिप्रॉपिलीनला साधी चिकटद्रव्यं धरतच नाहीत. तापवलेल्या लोखंडाने त्यात स्टीलची जाळी वितळवून बसवणारे कारागीर आहेत, काम टिकाऊही होतं, पण फाडलाच नाही तर जास्त बरं.

सगळं सुटल्यावर बंपर पुढे ओढायचा नाही. आधी कोपरा, फेंडरपासून बाहेरच्या दिशेला, हाताच्या पंजाने. टक्, टक् असे आवाज करत बाजूच्या लॉकमधून तो निघतो. दोन्ही कोपरे सुटले की दोघांनी धरून वीतभर पुढे घ्यायचा आणि थांबायचं. फॉग लॅम्पच्या वायरी अजून जोडलेल्या असतात. कपलरची जीभ दाबून ते सोडवा, वायर धरून खेचू नका. मग बंपर चादरीवर, रंगाची बाजू वर.

नंबर प्लेटला हात लावायचा नाही. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट कंपनीकडूनच येते, त्याआधीच्या गाड्यांनाही महाराष्ट्रात ती बसवून घ्यावी लागते. तिचे स्नॅप लॉक एकदाच बसतात, काढले की तुटतात. प्लेट बंपरसकट उतरवा. बंपर बदलणार असाल तर अधिकृत केंद्रातून ती नव्याने बसवून घ्यावी लागेल, साध्या स्क्रूने चालत नाही.

आता बघायला बसा. बीम सरळ आहे का, त्याच्या दोन्ही टोकांचं अंतर रेडिएटरपासून सारखं आहे का, डब्यांवर सुरकुती आहे का, बोल्टभोवती रंग तडकलाय का. यापैकी काही दिसलं तर घरचं काम इथे संपलं, गाडी गॅरेजला. काही दिसलं नाही तर कंडेन्सरकडे वळा. बांधकामांची धूळ आणि पिंपळाची पानं त्याच्या पात्यांत थर करून बसतात. मऊ ब्रश आणि नळाचं हलकं पाणी पुरे. प्रेशर पंप मारलात तर पाती आडवी होतील. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आणि गंजलेला हॉर्नही इथेच भेटतो.

बीम शाबूत आहे आणि फक्त साल फाटली आहे, असं निघालं तर विम्याचा हिशेब करा. नेहमीच्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. समजा बंपर ६,००० रुपयांचा. निम्मे गेले, राहिले ३,०००. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट १,००० रुपये. भागाचे हातात पडले २,००० आणि वर मजुरी-रंगाचा काही वाटा. त्याबदल्यात नो क्लेम बोनस शून्यावर येतो, जो पाच वर्षं दावा न केल्यास ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असतो. झिरो डेप पॉलिसीत घसारा वाचतो, बोनस वाचतोच असं नाही. माझं मत स्पष्ट आहे : नुसत्या बंपरसाठी दावा करू नये.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने बंपर मिळतात. जाताना मॉडेलचं वर्ष नक्की करून जा, कारण त्याच नावाच्या गाडीचा बंपर दोन-तीन वर्षांनी बदलतो. रंगापेक्षा मागचे कान मोजा. रंग देता येतो.

बंपर वाचवायला पुढे लोखंडी गार्ड लावण्याचा सल्ला कुणी देईलच. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अशा गार्डवर कारवाई करायला राज्यांना कळवलं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार तो गाडीतला बेकायदा बदल ठरतो. चॅसीला बांधलेला गार्ड धक्का थेट चॅसीत नेतो, चेपणाऱ्या डब्यांना कामच उरत नाही, आणि समोर पादचारी असेल तर त्याची धडगत नाही.

बसवताना क्रम उलटा : आधी कपलर, मग कोपऱ्यांची लॉकं, कमानीतले स्क्रू, खालच्या क्लिपा, वरच्या क्लिपा, बॅटरी सगळ्यात शेवटी. चावी फिरवून फॉग लॅम्प, हॉर्न आणि डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा तपासा. तो दिवा विझला नाही तर एखादा कपलर राहिलाय. सगळं नीट जोडलेलं असूनही विझत नसेल, तर गाडी गॅरेजला.

पुढच्या आठवड्यात हेडलॅम्प. बऱ्याच गाड्यांत त्याचा खालचा बोल्ट बंपरखालीच लपलेला असतो, तेव्हा आजचं काम पुन्हा लागेल. तोवर आपल्या गाडीच्या दोन्ही कमानींत टॉर्च मारून तो आडचा स्क्रू शोधून ठेवा.