एकट्या घोड्याला शेटलँड पोनीची सोबत?

ब्रिटनच्या ग्रामीण भागात स्वतःच्या किंवा भाड्याच्या कुरणात एक-दोन घोडे पाळणारी अनेक कुटुंबे आढळतात. दोनपैकी एक घोडा दगावला, की दुसरा एकाकी पडतो. तो कुंपणाच्या कडेने येरझारा घालतो, खिंकाळत राहतो, चाऱ्याकडे पाठ फिरवतो. अशा वेळी अनेक मालकांना शेटलँड पोनी आठवते. हे तट्टू लहान, काटक आणि थोडक्यात भागणारे. तेव्हा घोड्याला सोबत होईल आणि खर्चही फारसा वाढणार नाही, असा हिशेब मांडला जातो. तो अर्धाच बरोबर आहे.

सोबतीची गरज

घोडा हा कळपात राहणारा प्राणी आहे. जवळ कोणी राखण करणारा असेल, तरच तो निर्धास्तपणे आडवा होऊन गाढ झोपतो. घोडे एकमेकांची मान दातांनी खाजवतात, तेव्हा त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात. इंग्लंड व वेल्समधील २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यात, प्राण्याला इतर प्राण्यांसोबत किंवा त्यांच्यापासून वेगळे ठेवण्याची गरज ही मालकाने पाळावयाच्या मूलभूत गरजांमध्ये गणली आहे. माणसाची तासाभराची भेट ही उणीव भरून काढू शकत नाही.

काटकपणाचे मूळ

स्कॉटलंडच्या उत्तरेला, सुमारे ६० अंश उत्तर अक्षांशावर शेटलँड बेटे आहेत. झंझावाती वारे, विरळ झाडी आणि निकस गवत अशा परिस्थितीत ही जात शतकानुशतके घडली. तिची उंची खांद्यापाशी जास्तीत जास्त ४२ इंच, म्हणजे सुमारे १०७ सेंटिमीटर असते. ब्रिटनमध्ये १८४२ च्या कायद्याने स्त्रिया आणि दहा वर्षांखालील मुलांना भूमिगत खाणीत काम करण्यास बंदी झाली, त्यानंतर कोळशाच्या गाड्या ओढण्यासाठी या तट्टांना मागणी वाढली. जातीची वंशावळ जपणारी संस्था १८९० मध्ये स्थापन झाली.

हिरवे कुरण, छुपा धोका

निकस चाऱ्यातून पुरेपूर पोषण मिळवण्याची हीच क्षमता सकस कुरणात घातक ठरते. मोठ्या घोड्याला मानवणारे गवत खाऊन शेटलँड पोनी झपाट्याने लठ्ठ होते आणि तिला ‘लॅमिनायटिस’ हा खुरांचा विकार जडू शकतो. त्यात खुराच्या आतील हाडाला धरून ठेवणाऱ्या ऊती सैल पडतात. वेदना असह्य होतात आणि गंभीर अवस्थेत जनावराला दयामरण देण्यावाचून मार्ग उरत नाही.

यावर उपाशी ठेवणे हा उपाय नव्हे. आहार एकदम तोडल्यास शरीरातील चरबी रक्तात उतरते. ‘हायपरलिपिमिया’ या नावाची ही स्थिती जिवावर बेतू शकते आणि शेटलँड जातीत तिचा धोका अधिक असतो. म्हणून चराईसाठी कुरणाचा छोटा भाग वेगळा करणे, तोंडाला चराईचे मुसके बांधणे, साखर कमी करण्यासाठी वाळलेले गवत पाण्यात भिजवून देणे, असे उपाय योजावे लागतात. सुमारे २०० किलो वजनाच्या पोनीला दिवसाकाठी साधारण तीन किलो वाळलेले गवत पुरते. पण ते मोजून द्यावे लागते.

कुंपण, लाथ आणि दुरावा

उंचीतील तफावतीचा विचारही आवश्यक आहे. मोठ्या घोड्यासाठी बांधलेल्या कुंपणाखालून पोनी सहज निसटते. घोड्याने झाडलेली लाथ तिच्या थेट डोक्यावर बसू शकते. त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस दोघांना शेजारच्या कुरणांत ठेवून ओळख होऊ देणे श्रेयस्कर. पुढे जवळीक फार वाढली, तर घोडा रपेटीला नेताच मागे राहिलेली पोनी सैरभैर होते; म्हणजे एकाचा एकटेपणा दुसऱ्याच्या वाट्याला येतो.

खर्चातही आकारामुळे मोठी सवलत मिळत नाही. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खुरे छाटणे, दातांची तपासणी, लसीकरण, जंतांची तपासणी, ओळखपत्र आणि मायक्रोचिप यांतले काहीच टळत नाही.

निर्णयापूर्वी

शेटलँड पोनी तीस वर्षे किंवा त्याहूनही अधिक जगू शकते. घरचा घोडा वयाच्या पंचविशीत असेल, तर तो गेल्यानंतर एकटी पडणारी पोनी कोण सांभाळणार, याचे उत्तर आधीच हवे. ते नसेल, तर घोड्याला इतर घोडे असलेल्या तबेल्यात हलवणे हा सोपा मार्ग ठरतो. ‘वर्ल्ड हॉर्स वेल्फेअर’सारख्या संस्था पोनी सांभाळायला देतात, पण मालकी स्वतःकडे ठेवतात, परिस्थिती बदलल्यास जनावर संस्थेकडे परत जाऊ शकते. वृद्ध घोड्याच्या मालकासाठी ही व्यवस्था विकत घेण्यापेक्षा अधिक सोयीची आहे. त्यात पोनीच्या म्हातारपणाचीही तरतूद होते.