डोंगरातली शर्यत

ब्रिटनमध्ये दोन दिवसांची एक डोंगर-शर्यत होते. दोघांची जोडी असते. तंबू, शिधा पाठीवर. नकाशा, होकायंत्र हातात. नकाशावरच्या ठरलेल्या खुणांपर्यंत जायचे. मधली वाट ज्याची त्याने निवडायची.

२००८ च्या ऑक्टोबरात ही शर्यत लेक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ मुलखात होती. सुमारे २,५०० माणसे उतरली होती. पाऊस कोसळला, वारा सुटला, ओढे फुगले. पहिल्याच दिवशी शर्यत थांबवावी लागली. शेकडो जणांनी ती रात्र डोंगरातच आडोशाला काढली. पण कोणी दगावले नाही.

अशा वेळी वाट कशी निवडावी? जवळची वाट शिखरावरून जाते. पण तिथं वारा माणसाला उभं राहू देत नाही. दुसरी ओढ्यातून जाते. पाणी गुडघाभर असले तरी जोराचे असले की पाय उचलते. म्हणून पुलावरून लांबचा फेरा बरा. धुक्यात उघड्या माळावर शिरू नये. नकाशात दाखवलेल्या दगडी कुंपणाच्या कडेने चालावे, म्हणजे वाट हरवत नाही. आणि जोडीदाराला सोडू नये.

मागे फिरण्यात कमीपणा नाही. शर्यत पुढच्या साली पुन्हा धावता येते. आम्ही तर म्हणतो, पुराच्या ओढ्याशी पैज नको.